सायलेन्सरचा जाम स्टड: खानापूर ते उद्यमबाग

गाडी म्हणजे मोटारसायकल, २०१८ ची, बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष), शंभर सीसी, कार्ब्युरेटरवाली. इंजिन आडवं, त्यामुळे सायलेन्सरचा बेंड पाइप हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाच्या, खालच्या अंगाला बसतो. तिथे एम ६ चे (६ मिमी जाडीचे) दोन स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेले बिनडोक्याचे बोल्ट, आणि १० च्या पान्याचे दोन नट. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी ॲक्सिलरेटर सोडला की फटफट आवाज यायला लागला, उतारावर तर जास्तच. हेड आणि पाइपच्या जोडात गळती असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं आणि हा आवाज येतो. खात्री करायची तर गाडी थंड असताना चालू करायची आणि सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं क्षणभर दाबायचं. जोड फुटका असेल तर तिथून फुसफुस ऐकू येते. जोडाजवळच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पंखांवर काजळीचा पट्टाही दिसतो.

इलाज म्हणजे जोडातली रिंग बदलणं. रिंगेची किंमत ३० रुपये. एमिशन टेस्टची (पीयूसीची) मुदत १० ऑक्टोबरला संपत होती, त्याआधी काम उरकायचं होतं. ही गळती ठेवून टेस्ट करण्यात अर्थ नसतो, कारण आत शिरलेली हवा धुरात मिसळते आणि मशीनवरचा आकडा खोटा येतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने गाडी कोरडी अशी राहत नाही. पुढच्या चाकाने उडवलेला तांबडा चिखल थेट या नटांवर बसतो आणि इंजिनाच्या उष्णतेने भाजून निघतो. नट आणि स्टड दोन्ही पोलादी, त्यांच्यात साधा गंज धरतो. हेडच्या आतला प्रकार मात्र वेगळा. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादी, मध्ये पाणी. अशा जोडीत ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड तयार होते. मूळ धातूपेक्षा ती जास्त जागा घेते, म्हणून आट्यांत, म्हणजे स्टडच्या पेचांत, ठासून बसते. म्हणजे जाम दोन प्रकारचे, आणि आपला कुठला हे ठरवल्याशिवाय पाना लावू नये. नट स्टडवर जाम असेल तर नट तापवायचा, स्टड हेडमध्ये जाम असेल तर हेड तापवायचं. गॅरेजमध्ये सर्रास उलटं चालतं: ज्योत सरळ स्टडवर धरतात. त्याने स्टड फुगतो आणि भोकात आणखी घट्ट बसतो.

शनिवारी, २७ सप्टेंबरला नुसती साफसफाई केली आणि तेल सोडलं. तारेच्या ब्रशने चिखल आणि पापुद्रे निघाल्यावर डावा नट बरा दिसला. उजव्याचे कोपरे गेलेले होते, कुणीतरी आधी सैल पान्याने झटापट केलेली. स्टडचं टोक नटाबाहेर जितकं होतं तेवढे आटेही ब्रशने साफ करून घ्यावेत. नट सुटला तरी पुढे त्याच घाणीवरून त्याला यायचं असतं.

इथे या इंजिनाची खास अडचण कळते. स्टड खाली तोंड करून आहे, त्यामुळे फवारलेलं तेल आत मुरण्याआधी जमिनीवर टपकतं. जुन्या बनियनची बोटभर रुंद पट्टी फाडायची, स्टडच्या मुळाशी दोन वेढे द्यायचे, घट्ट बांधायची आणि ती पट्टी तेलाने भिजवत राहायचं. तेल कापडात टिकतं आणि तिथून वर आट्यांत चढतं. स्प्रेचा डबा १८० रुपयांना मिळाला. तो नसेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, ज्याला एटीएफ म्हणतात, आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून चालतं, फक्त ते ज्योतीजवळ न्यायचं नाही. तेल सोडल्यावर नटाच्या डोक्यावर छोट्या हातोडीने टकटक करावी. जोरात नको, पण वीस-पंचवीस टोले तरी द्यावेत. गंजाला बारीक चिरा जातात आणि तेल पुढे सरकतं. मग रात्रभर सोडून द्यायचं. यात काहीच घडताना दिसत नाही, म्हणून बहुतेकांचा धीर इथेच सुटतो.

रविवारी सकाळी आधी टाकी उतरवून लांब ठेवली, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढलं, पट्ट्या सोडल्या आणि तेलाचे डाग पुसून घेतले. शेजारी पाण्याची बादली आणि ओलं पोतं. मग गॅस टॉर्च. डावा नट सरळ तापवला, एक मिनिटभर, आणि तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढलं जातं. सहा कोनी गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) लावून आधी केसभर आवळला, मग सोडवला. आवळण्याचं कारण असं की गंजाची पकड कुठल्याही दिशेला एकदा तुटली की काम झालं, आणि आवळताना कोपरे शाबूत राहतात. बारा कोनी गोटी अशा जागी वापरूच नये. तिची पकड कोपऱ्यांच्या टोकांवर असते, नट गोल व्हायला वेळ लागत नाही. डावा नट स्टडसकट बाहेर आला. तेही चांगलंच, स्टड नाहीतरी नवा घालायचा होता.

उजव्या नटाला १० ची गोटी फिरत होती. गंजाने नट झिजला की ३/८ इंची गोटी हातोडीने ठोकून बसवावी. ती ९.५ मिमीची असते, घट्ट बसते. बसली, पण दांडा फिरवताना हाताला जे जाणवलं त्याने पोटात गोळा आला. नट सुटत असेल तर कर्र आवाज करून जरासा सरकतो आणि सरकलेल्या जागी थांबतो. हा सरकत होता आणि दांडा सोडला की परत येत होता. म्हणजे नट जागचा हलला नव्हता, स्टडच पिळला जात होता. असं स्प्रिंगसारखं वाटलं की थांबायचं. तेल, उष्णता, पुन्हा आवळून सोडवणं, प्रत्येक वेळी जरासाच कोन. नट फोडून काढता आला असता तर स्टड वाचला असता, पण तिथे ग्राइंडर जात नाही आणि छिन्नीचा घाव सरळ हेडच्या पंखावर बसतो. एम ६ चा स्टड म्हणजे आट्यांच्या तळाशी जेमतेम पावणेपाच मिमी धातू, त्यात सात वर्षांचा गंज. दुपारी तो तुटला. आवाज फार होत नाही, टक् एवढंच. हेडबाहेर तीन-चार मिमी खुंट राहिला.

हा तीन-चार मिमीचा खुंट सोन्याचा समजावा. पुढचा प्रत्येक उपाय त्याच्यावर अवलंबून असतो. ग्रिप प्लायरने चावत बसलं की तो झिजतो आणि वेल्डिंगला काही उरत नाही. ग्रिप एकदाच, खच्चून लावायची. घसरली तर पुन्हा त्याच जागी लावायची नाही, सरळ वेल्डरकडे जायचं.

वेल्डिंग सोमवारी, २९ तारखेला खानापुरातच केलं, १०० रुपये. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडायच्या, सीडीआयचा (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचा) कपलर काढायचा आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप हेडलाच जवळ लावायची. क्लिप फ्रेमला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो. बीएस ६ गाडी असेल तर ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) कपलर आणि ऑक्सिजन सेन्सरही काढून ठेवावा. खुंटावर आधी वॉशर ठेवून मधल्या भोकातून वेल्ड करायचं, मग त्या वॉशरवर एम ८ चा नट ठेवून नटाच्या आतून भरायचं. पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेड बिघडण्याची भीती कमी. खरं काम नटापेक्षा उष्णतेचं असतं. खुंट लाल होतो, फुगतो, भोकाच्या भिंतीवर दाबला जातो आणि थंड होताना मूळ मापापेक्षा जरा आकसतो. पांढऱ्या पुडीची पकड तिथे तुटते. म्हणून लाल असताना फिरवू नये, तेव्हा धातू मऊ असतो. हात लावण्याइतका कोमट झाला की मागे-पुढे, मागे-पुढे.

खुंट जरा हलला. पाव वेढा आला आणि मग वेल्डच्या खालीच तुटला, या वेळी हेडच्या पृष्ठभागाच्या थोडा आत. आता हेड गाडीवरच ठेवून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. काहीजण अशा वेळी खालून हातातल्या ड्रिलने प्रयत्न करतात. ड्रिल सरळ धरायला जागा नाही, कण डोळ्यांत पडतात, आणि बिट पोलाद सोडून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घसरतं. मग भोक अंड्याच्या आकाराचं होतं आणि दुरुस्तीचा खर्च वाढत जातो. त्यापेक्षा हेड उतरवलेलं स्वस्त पडतं.

हेड काढायचं म्हणजे फ्लायव्हीलवरची टी खूण समोर आणून पिस्टन वर घ्यायचा, कॅम स्प्रॉकेटवरची खूण मोबाइलमध्ये टिपायची, टायमिंग चेन ढिली करून तारेने फ्रेमला बांधायची. चेन आत पडली की शोधत बसावं लागतं. हेडचे चार नट कर्णाकर्णाने, थोडे थोडे करून सोडवायचे. काढण्या-बसवण्याची मजुरी ६०० रुपये ठरली, हेड गॅस्केट आणि ओ-रिंग मिळून १५० रुपये वेगळे. लेथवर देण्याआधी व्हॉल्व्ह आणि त्यांचे रबरी सील काढून घेतले. हेड तापवायचं झालं तर सील जळतात, आणि ड्रिलचे कण व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये गेले तर वेगळंच दुखणं.

मंगळवारी हेड रद्दीत गुंडाळून, पिशवीत घालून बसने बेळगाव. उद्यमबागेत ओतशाळा आणि मशीन शॉपना तोटा नाही, पण मोठ्या शॉपला एका स्टडचं काम नको असतं. त्यांच्या मशीनवर शेकड्यांची ऑर्डर लागलेली असते. आत गल्लीत एकटा लेथ आणि एक खांबाचं ड्रिलिंग मशीन असलेलं दुकान शोधावं. वाट विचारताना "इंजिनाचं काम कोण करतंय?" असं विचारलं की पत्ता मिळतो. मराठीत विचारा, कानडीत विचारा, "स्टड", "टॅप", "बुश" हे शब्द सगळ्यांना कळतात.

"मामा, आज होईल काय?"

"आज कसं होतंय ओ? उद्या खंडेनवमी, मशीन पुसायला घेतलंय बघा की. पूजा झाल्यावर दोन दिवस हात लावत नाही. हेड ठेवून जावा, शुक्रवारी बघूया."

१ ऑक्टोबरला खंडेनवमी, २ ला दसरा. या दिवसांत बेळगावात लेथ, वेल्डिंग, गॅरेज काहीच चालू नसतं. मशीनला हळद-कुंकू लागलेलं असतं आणि पूजेचा लिंबू चाकाखाली. दिवाळीच्या पाडव्यालाही जवळपास हीच गत. काम हातात घेण्याआधी कॅलेंडर बघावं, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. मुदत १० तारखेची, म्हणून धाकधूक होतीच. पण हेड ठेवून आलो आणि सोबत जुन्या पाइपवरची फ्लँज (दोन्ही स्टडवर बसणारी भोकांची पट्टी), दोन नवे स्टड आणि नटही ठेवले. लेथवाल्याकडे जाताना बसणारा भाग सोबत न्यावाच, तोंडी मापावर सोडू नये.

मिस्त्रीने फ्लँजचंच जिग, म्हणजे ड्रिलला सरळ धरणारा साचा, केलं. डाव्या, रिकाम्या भोकात एम ६ चा बोल्ट लावून फ्लँज हेडवर जागच्या जागी आवळली. उजव्या बाजूला फ्लँजच्या भोकात घट्ट बसेल असा छोटा बुश (पोकळ नळी) लेथवर काढला, बाहेरून भोकाच्या मापाचा, आतून ३ मिमीचा. ड्रिल त्या बुशातून खाली गेलं की इकडेतिकडे घसरायला वावच नाही, भोक खुंटाच्या मध्यावरच पडतं. बुश नसेल तर तुटलेलं टोक आधी सपाट करून सेंटर पंचने अचूक मध्यावर खड्डा पाडावा लागतो. खडबडीत टोकावर पंच नेहमी एका बाजूला सरकतो. कुणाकडून काम करून घेणार असाल तर एवढं विचारून घ्या: मध्य कसा धरणार? उत्तरात "अंदाजाने" आलं तर हेड उचलून परत आणा.

आधी ३ मिमीचं आरपार खुंटात. आटे हेडमध्ये दहा-बारा मिमी खोल असतात आणि पलीकडे पोर्टची (धूर बाहेर पडण्याच्या वाटेची) भिंत असते, म्हणून बिटवर चिकटपट्टीची खूण करून तेवढंच खाली जायचं. मग ४ मिमी, मग ५. एम ६ च्या १ मिमी पिचच्या आट्यांना टॅपिंगचं, म्हणजे आटे पाडण्याआधीचं, भोक ५ मिमीचंच लागतं. त्यामुळे ५ चं बिट मध्यावरून गेलं तर खुंटाची फक्त आट्यांत अडकलेली पातळ गुंडाळी उरते. मिस्त्रीने हेड तापवलं, टोकदार खिळ्याने गुंडाळीचं पहिलं टोक आत दुमडलं आणि ती चिमट्याने ओढून काढली. करकरीत, काळी, मध्ये मध्ये पांढरी पूड चिकटलेली.

तापवण्याचं गणित सांगायला हवं. हेड दीडशे अंशांनी तापलं तर ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट पसरतं. ६ मिमीच्या भोकाला मिळणारी मोकळीक मात्र जेमतेम एक शतांश मिमी. एवढीच पुरते. जास्त तापवून फायदा नाही, धोका मात्र आहे. पोलाद वितळण्याआधी लाल होऊन इशारा देतं. ॲल्युमिनियम रंग बदलतच नाही, आणि शुद्ध असेल तर ६६० अंशांना, ओतीव मिश्रधातू असेल तर त्याच्याही आधी बसतं. पाण्याचा थेंब टाकून चर्र झाला की पुरे.

इझी आउट (तुटलेल्या बोल्टात उलटा फिरवून तो काढायचं अवजार) का नाही वापरला, असं विचारलं तर मिस्त्री नुसताच हसला. ते अवजार कडक केलेल्या पोलादाचं असतं. जो स्टड पाना लावून, वेल्ड करून सुटला नाही, त्यात ३ मिमीचा इझी आउट फिरवला की तोच तुटतो. मग त्याच्यावर साधं हायस्पीड बिट चालत नाही, कार्बाइड किंवा स्पार्क मशीनपर्यंत जावं लागतं. सैल पण तुटलेल्या बोल्टला तो ठीक, जाम स्टडला नको.

आट्यांतून एम ६ चा टॅप हलक्या हाताने, रॉकेल सोडत फिरवला. अर्धा वेढा पुढे, पाव मागे. मूळ आटे वाचले. भोक एका बाजूला गेलं असतं तर हेलिकॉइल घालावी लागली असती. त्याला ६.३ मिमीचं भोक, वेगळा टॅप आणि आत तारेची गुंडाळी. ती दुरुस्ती कमी दर्जाची नाही, ॲल्युमिनियममध्ये उलट मजबूत बसते. बुश, ड्रिल, टॅप धरून ३५० रुपये झाले. हेड शनिवारी, ४ तारखेला हातात आलं.

जोडणी रविवारी. स्टड आणि नट ६० रुपयांचे. स्टेनलेसचे स्टड घालायचा मोह होतो, पण ॲल्युमिनियमशी त्यांचं जमत नाही आणि आटे एकमेकांत घासून अडकतात. साधा पोलादी स्टड आणि पितळी नट बरा, पितळ पोलादाला धरत नाही. स्टडच्या हेडकडच्या आट्यांना कॉपर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावला. साधं ग्रीस इथे जळून कोळसा होतं आणि लॉक करणारा डिंक तर अजिबात नको. दोन नट एकमेकांवर आवळून स्टड हलक्या हाताने तळाला टेकवायचा, आवळायचा नाही.

पोर्टच्या खोबणीत जुनी रिंग चेपून बसलेली असते आणि काजळीमुळे हेडचाच भाग वाटते. ती टोकदार स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढावी. तिच्यावरच नवी बसवली तर पाइप तिरका बसतो आणि महिन्याभरात पुन्हा गळतो. पाइप लावताना क्रम महत्त्वाचा. पाइपचे हेडकडचे नट हाताने, मागचा सायलेन्सरचा बोल्टही हातानेच. मग हेडकडचे दोन्ही नट आलटून पालटून, आणि शेवटी मागचा. मागचा आधी आवळला तर पाइपाचा सगळा ताण स्टडवर येतो आणि तो वर्षभर तिरपा ओढला जातो. एम ६ ला १० ते १२ न्यूटन मीटर पुरतात. टॉर्क पाना नसेल तर आखूड पाना दोन बोटांनी धरून जेवढा येईल तेवढा, एअर गन नाही.

गाडी दहा मिनिटं चालवली, पूर्ण थंड होऊ दिली आणि नट पुन्हा बघितले. रिंग चेपून बसते, त्यामुळे ते पाव वेढा तरी घेतात. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघायचे. फटफट गेली. सुटलो, असं मनात म्हटलं.

सगळा खर्च दीड हजाराच्या आतच बसला. एमिशन टेस्ट सोमवारी, ६ ऑक्टोबरला केली. नंबर प्लेटचा फोटो घेतात, म्हणून प्लेट पुसून न्यावी, मोबाइलही सोबत ठेवावा. बीएस ४ आणि पुढच्या गाड्यांना प्रमाणपत्र बारा महिन्यांचं मिळतं, जुन्यांना सहाच महिन्यांचं. मे महिन्यात, वळीव पडायच्या आत, दोन्ही नट एकदा सोडवून पुन्हा अँटी-सीझ लावायचा आहे. त्याला अर्धा तास आणि १० चा पाना लागतो.